‘ळ’ची जागा

आईच्या सोलापुरी बोलीतले शब्द मी संगणकावर टिपत आलो आहे. यादी वाढली तेव्हा ‘सॉर्ट’ ही आज्ञा दिली आणि क्षणात अकारविल्हे लागली. आईने ‘अ’च्या शेवटी पाहिले. ‘अळणी’ नव्हता. “गाळलास का रे?” गाळला नव्हता, तो ‘अल’ आणि ‘अव’ यांच्यामध्ये जाऊन बसला होता.

मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो; सोलापुरात कानांवर पडणाऱ्या कन्नड-तेलुगूतही तसाच. मात्र १९९१ साली आलेल्या युनिकोडने, इस्की या भारतीय मानकाला अनुसरून, त्याला ‘ल’शेजारी बसवले. निव्वळ संकेतांक पाहणारी आज्ञा तोच क्रम पाळते.

उपाय एका ओळीचा आहे. युनिकोडमध्ये ‘ह’नंतर आणि कान्याच्या आधी अवग्रह येतो. ‘सेड’ने प्रत्येक ‘ळ’चा अवग्रह करावा, संकेतांकांच्या क्रमाने ‘सॉर्ट’ करावे, पुन्हा ‘सेड’ने अवग्रहाचा ‘ळ’ करावा. तिन्ही आज्ञा पाइपने जोडाव्यात. यादीत मूळचा अवग्रह मात्र नसावा.

कोशात शब्द असणे पुरेसे नसते. वाचक जिथे शोधतो, तिथे तो भेटावा लागतो. आता ‘अळणी’ तिथे आहे.