पुण्यांतील दोन कोपरे

गेल्या श्रावणांत एके सकाळीं आम्ही नातवास घेऊन डेक्कन जिमखान्यावर गेलों होतों. अचानक सर आली, म्हणून फर्ग्युसन रस्त्याच्या तोंडाशीं असलेल्या ‘गुडलक’मध्यें शिरलों. हें उपाहारगृह हुसेन अली यक्षी या इराणी गृहस्थांनीं १९३५ सालीं काढिलें. पुढें चौकासही त्याचेंच नांव पडलें. कोपऱ्याची जागा अशुभ मानून आपले लोक ती घेत नसत, म्हणून ती इराण्यांस मिळे, अशी आख्यायिका जुनीं माणसें सांगतात. तें कसेंही असो. मुलूख सोडून आलेल्या या लोकांनीं कोपऱ्यावर दोन रस्त्यांचें गिऱ्हाईक येतें, हें ओळखलें खरें. आमच्या वडिलांच्या काळीं इराण्याचा चहा घेणें म्हणजे घरीं बोलणीं खाणें. आज तेथेंच नातवानें विचारिलें, “आजोबा, मग कोपरा अशुभ होता कीं नव्हता?”

अशा प्रश्नाचें उत्तर कसें शोधावें, हें आम्हांस गणेशखिंडींतील एका संस्थेनें शिकविलें होतें. पाऊस उघडतांच त्यास ‘आयुका’च्या फाटकापर्यंत नेलें. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनीं १९८८ सालीं ती उभारिली. २०२५ च्या मे महिन्यांत पुण्यांतच त्यांचें देहावसान झालें. विश्व महास्फोटांतून निघालें, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानितात. १९६५ सालीं आकाशभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाल्यावर विरुद्ध पक्ष जवळजवळ ओस पडला. नारळीकर मात्र गुरु फ्रेड हॉइल यांच्यासह त्याच कोपऱ्यांत राहिले, व १९९३ सालीं त्यांनीं सुधारलेला सिद्धान्त मांडिला. तो सर्वमान्य झाला नाहीं. तथापि त्यांचा संशय शास्त्रावर नव्हता, घाईनें झालेल्या एकमतावर होता. आणि वाद ते गणितानें व निरीक्षणानेंच करीत.

हीच कसोटी त्यांनीं २००८ सालीं सहकाऱ्यांसह फलज्योतिषास लाविली. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका मिळवून प्रत्येक ज्योतिष्यास ४० पत्रिका दिल्या, व कोणती कोणाची तें ओळखावयास सांगितलें. २७ जणांनीं उत्तरें धाडिलीं. सरासरी ४६ टक्के बरोबर निघालीं. नाणें उडविलें तरी निम्मीं साधतात!

तें वाचून आम्ही पंचांग मिटून बराच वेळ बसलों होतों. त्यापूर्वीं वीस वर्षें, मंगळाचा दोष काढून, धाकट्या बहिणीचें ठरत आलेलें लग्न आम्हींच मोडिलें होतें. पुढें तिचें लग्न झालेंच नाहीं. आज ती आमच्याच घरीं आहे. नातवास झोपतांना गोष्ट लागते ती या आत्याआजीचीच. तिनें आम्हांस कधीं एका शब्दानें दोष दिला नाहीं, हेंच अधिक बोचतें.

“बाळ,” आम्ही म्हणालों, “कोपरा अशुभ नव्हता. आम्हीं तो कधीं तपासून पाहिला नाहीं, एवढेंच.”

परततांना पुन्हां ‘गुडलक’शीं थांबलों, आणि बहिणीसाठीं बनमस्का बांधून घेतला.