साडेनऊची दिवेलागण

आम्ही ज्या घरांत वाढलो, तिथे २१ जूनला कुणी ओळखत नव्हतं. दादर असो, सातारा असो की सांगली, त्या सुमाराला आभाळ भरून आलेलं असायचं, शाळा नुकत्या सुरू झालेल्या, वह्यांना कव्हरं घालायची घाई. पंचांगात 'दक्षिणायनारंभ' एवढं छापलेलं असे, आणि ते वाचून घरातलं कुणी मोठं माणूस म्हणे, आता देवांची रात्र सुरू झाली. सण नाही, गोडधोड नाही. आमच्याकडचा मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान दिवस अकरा तासांचा. एवढ्या फरकाने कुणाची झोप उडत नसे. त्या दिवशी मुंबई-पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते, हे आम्ही कधी पाहिलं नाही. पाहायला ऊन कुठे असायचं?

सत्तरच्या दशकात आम्ही इंग्लंडात आलो. कुणी डॉक्टर म्हणून, कुणी नर्स म्हणून, बऱ्याच जणी लग्न होऊन. पहिल्याच जूनने आमचं सगळं वेळापत्रक मोडलं. लंडनचा मोठा दिवस १६ तास ३८ मिनिटांचा. पहाटे पावणेपाचला ऊन, रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी सूर्यास्त, आणि त्यानंतरही काळोख व्हायचं नाव नाही. कोकणात सूर्य जवळजवळ सरळ समुद्रात उतरतो आणि बघता बघता अंधार पडतो. इथे तो तिरका, क्षितिजाला घासत जातो. मध्यरात्रीसुद्धा तो क्षितिजाखाली जेमतेम १५ अंश असतो, आणि पुरता काळोख व्हायला १८ अंश खाली जावं लागतं. म्हणून मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेकडचं आभाळ रात्रभर किंचित उजळलेलंच राहतं.

आता दिवेलागण करायची कधी? मुलं साडेसातला झोपली पाहिजेत, सकाळी शाळा. आणि साडेसातला खिडकीत लख्ख ऊन. आम्ही पडद्यांवर जुन्या चादरी टाचायचो, खोली अंधारी करायचो, निरांजन लावायचो आणि मुलांकडून शुभंकरोति म्हणून घ्यायचो. मुलं हात जोडून एका डोळ्याने पडद्याच्या फटीकडे बघत, कारण बाहेर शेजारची पोरं अजून चेंडू खेळत असायची. सासूबाई भारतातून उन्हाळ्यात राहायला आल्या की त्यांना हे मुळीच पटत नसे. सूर्य वर असताना सांजवात कशी लावायची? मग एक तोडगा निघाला. इथल्या वर्तमानपत्रात तेव्हा गाड्यांचे दिवे लावायची वेळ रोज छापून यायची, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाची. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण तो चौकोन त्यांना ठाऊक झाला होता. रोज सकाळी पेपर आला की घडी उलगडून त्यावर बोट ठेवत आणि विचारत, "आज किती वाजता गं?" देवापुढचा दिवा मग त्याच वेळेला लागायचा. मुलांचं वेगळं, देवाचं वेगळं.

आज नातवंडांच्या खोलीला काळोख करणारे जाड पडदे आहेत. दोरी ओढली की रात्र. बैठकीतले दिवे सूर्यास्ताची वेळ स्वतःच जाणतात आणि आपोआप लागतात. पुण्याच्या पणजीबरोबर शुभंकरोति म्हणायचं तर व्हिडिओ कॉल, तिच्या दिवेलागणीला, म्हणजे इथल्या दुपारी तीनला, शनिवार-रविवारी. आमच्या मुलांना पणजी ठाऊक होती ती निळ्या हवाईपत्रातल्या चार ओळींपुरती; या मुलांना त्यांच्या पणजीचा आवाज, चेहरा, तिची खोकल्याची ढासही ठाऊक आहे. हे तेव्हापेक्षा कितीतरी चांगलं आहे. तरी दिवा किती वाजता लावायचा, असं आता घरात कुणी कुणाला विचारत नाही, आणि ते मला खुपतं.

इंग्रज माणूस या सर्वांत मोठ्या दिवसाचं काय करतो, ते आम्ही हळूहळू शिकलो. एका उन्हाळ्यात स्टोनहेंज पाहायला गेलो, तेव्हा त्या साडेचार हजार वर्षांच्या दगडांमध्ये चालता येत असे. आम्ही त्यांना पाठ टेकून पुरी-भाजी खाल्ली. पावलांनी जमीन झिजत होती, म्हणून पुढे भोवती दोर आला, आणि यायलाच हवा होता. आता २००० सालापासून या रात्री पुन्हा आत जाऊ देतात. हजारो लोक हील स्टोन नावाच्या दगडाच्या बाजूने उगवणारा सूर्य पाहायला जमतात, आणि घरबसल्याही ते दिसतं. त्याच रचनेच्या बरोबर उलट्या टोकाला हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त येतो, आणि दगड उभारणाऱ्यांना तोच अधिक महत्त्वाचा होता, असं बऱ्याच अभ्यासकांना आता वाटतं. हे वाचलं तेव्हा मला ती माणसं फार जवळची वाटली. आपणही उजेड परतायला लागल्याची संक्रांत करतो, मोठ्या दिवसाची नाही.

क्रिकेटचं सांगितल्याशिवाय आमच्या पिढीचा जून पुरा होत नाही. २५ जून १९८३, लॉर्ड्‌स. भारताने विश्वचषक जिंकला तो दिवस. तेव्हा विश्वचषकाचा सामना साठ-साठ षटकांचा असे. दिव्यांशिवाय एका दिवसात १२० षटकं बसायची ती याच लांब उजेडाच्या जोरावर. १९८७ मध्ये स्पर्धा भारत-पाकिस्तानात गेली, तिथला दिवस पुरेना, आणि षटकं पन्नासवर आली. गावसकर आणि संदीप पाटील त्या दिवशी संघात होते, आणि कप हातात आला तेव्हाही भरपूर उजेड होता. त्या संध्याकाळी कुणाच्या घरची मुलं वेळेवर झोपली नाहीत.

पण सगळ्यात जास्त आठवते ती जूनमधली संकष्टी. भारतातून येणाऱ्याच्या बॅगेत कालनिर्णय असायचं, त्यातली चंद्रोदयाची वेळ तिकडच्या गावांची, इथे बिनकामाची. आणि जूनमधला चंद्र मोठा अवघड. सूर्य जितका उंच चढतो, तितका पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र खाली राहतो. लंडनला तो छपरांच्या थोडासाच वर येतो, तोही रात्री बाराच्या सुमाराला. आमचं क्षितिज म्हणजे शेजारच्यांच्या चिमण्या. मग टेकडीवर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आधी दिसायचा. ते फोनची घंटी दोनदा वाजवून ठेवून देत, म्हणजे पैसे पडत नसत. आम्ही पुढच्या घरी तसंच करायचो. मोदकांचं पातेलं झाकलेलं, दूर्वा म्हणून गार्डनमधलंच गवत, अंगावर स्वेटर, आणि बायका-पुरुष मागच्या दारात माना वर करून उभे. कुणीतरी म्हणे, "तो बघा, धुराड्याच्या डावीकडे!" मग अर्घ्य, मग आरती, शेजारी झोपलेत म्हणून हळू आवाजात.

आठवणीत तो चंद्र दर वेळी दिसतो. खरं तर बहुतेक वेळा ढग असायचे, आणि घड्याळ बघून आम्ही उपास सोडायचो. दिवसभर वॉर्डात उभं राहून, रिकाम्या पोटी घरी येऊन उकड काढायची, मध्यरात्री जेवायचं आणि पहाटे पावणेपाचच्या उन्हाने जागं व्हायचं. कितीतरी जणींना त्याने पित्ताचा त्रास जडला. त्या काळाचं कौतुक करताना हे वगळलं, तर ते कौतुक खोटं होईल.

आता ॲप आहे. आपल्या पोस्टकोडचा चंद्रोदय मिनिटापर्यंत सांगतं, इथे चतुर्थी कोणत्या दिवशी धरायची तेही सांगतं, कारण चंद्रोदयाच्या वेळेचा तिथीशी मेळ बदलला की भारतातला आणि इथला उपास कधी कधी वेगवेगळ्या दिवशी येतो. व्हॉट्सॲपवर लेस्टरहून कुणी चंद्राचा फोटो टाकतं, बाकीचे हात जोडतात. फोटोतला चंद्र आमच्या चंद्रापेक्षा स्वच्छ असतो. दाराशी मात्र कुणी जात नाही.

माझी मुलगी हॉस्पिटलात आहे, सकाळी सातची ड्यूटी. बारापर्यंत उपाशी राहून दुसऱ्या दिवशी रुग्णांना हात लावायचा हे तिला मान्य नाही, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. आम्ही दोघींनी ठरवून टाकलंय. जूनच्या संकष्टीला ती नऊ वाजता, उजेडातच, देवाला नैवेद्य दाखवून जेवते. मी थांबते. माझे दोन मोदक ती झाकून ठेवते आणि वर चिठ्ठी लावते, 'गरम करून खा.'