खिद्रापूर ते चित्रनगरी

कोल्हापूरला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हे प्रत्येक घरात ठरलेलं असतं. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, नवा राजवाडा, जमलं तर पन्हाळा, आणि रात्री तांबडा-पांढरा रस्सा. आमच्या मुसलमान घरांतही यादी हीच. फार तर बाबूजमालच्या दर्ग्याची एक भर. या यादीत दोन गोष्टी सहसा नसतात. एक, शिरोळ तालुक्याच्या टोकाला कृष्णाकाठी असलेलं खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ. आणि दुसरी, ज्यामुळे या शहराला कलापूर म्हणतात ते सिनेमाचे स्टुडिओ. देऊळ लांब पडतं, आणि स्टुडिओंचं आता काय उरलंय, असं लोक म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ही दोन्ही ठिकाणं एका दिवसात पाहिली. कारण घरगुतीच होतं. माझा मुलगा कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला सिनेमाचे सेट उभारण्याचं काम शिकायचंय. हे ऐकल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. एक फुफू म्हणाल्या, "इतकं शिकून सुतारकामच करायचं होतं तर आधी सांगायचं." यावर घरात फक्त एक माणूस हसला, आणि तो हसला कारण त्याने आयुष्यभर नेमकं तेच केलं होतं. माझे मामू.

मामू आता ७८ वर्षांचे आहेत. सोळा-सतराव्या वर्षी ते कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत सुतारांच्या हाताखाली लागले. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा ठोकायचा, त्यावर गोणपाट ताणायचं, वरून प्लास्टर मारायचं आणि रंगाऱ्याच्या हवाली करायचं. सकाळी जे नुसतं गोणपाट असायचं, ते संध्याकाळपर्यंत किल्ल्याचा बुरूज व्हायचं. मामूंनी दरबार केले, पाटलांचे वाडे केले, तुरुंग केले. पण सगळ्यात जास्त केली ती देवळं. त्या काळात मराठी सिनेमा देवळाशिवाय पुढे सरकतच नसे. नायिकेने नवस बोलायचा तो देवळात, आणि व्हिलनला उपरती व्हायची तीही देवळातच. "हमने जितने मंदिर बांधे," मामू सांगतात, "उतने किसी राजाने नहीं बांधे होंगे. फर्क इतनाच, उसके रहते, हमारे शूटिंग खतम हुई की तोडते."

मुलाने ठरवलं की आजोबांना घेऊन आधी खरं देऊळ पाहायचं, मग खोटं.

खिद्रापूरला जाताना नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड लागतं. नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळाला नेहमीसारखं शिखर नाही. ते विजापूरच्या आदिलशहाने बांधलं, अशी आख्यायिका त्या भागात सगळे सांगतात, पुजाऱ्यांपासून पेढेवाल्यांपर्यंत. कुरुंदवाडला तर गणेशोत्सवात मशिदींत गणपती बसतात. मोहरम आणि गणपती एकत्र आले की पंजे आणि मूर्ती एकाच छताखाली असतात. हे लिहिलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, काहीतरी दाखवायला म्हणून करत असतील. तसं नाही. त्या लोकांना त्यात विशेष काही वाटत नाही. विशेष वाटतं ते आपल्याला.

खिद्रापूर लहान आहे. नदी, ऊस, देऊळ. जवळच एक जुनी जैन बस्तीही आहे. गावाचं नाव खिद्रखान नावाच्या मोगल सरदारावरून पडलं असं सांगितलं जातं. मामूंना ते पटलं नाही. "खिज्र तो पानी का पीर," ते म्हणाले, "नदीकिनारे का गाव है." इतिहासकारांना हे चालणार नाही, पण माझ्या अम्मीही नावेत बसताना ख्वाजा खिज्रचं नाव घ्यायच्या, म्हणून मी वाद घातला नाही.

देऊळ बाहेरून अपुरं वाटतं. समोर गेलं की आधी स्वर्गमंडप लागतो. त्याच्या छताच्या मधोमध गोल आकाश मोकळं सोडलंय, साधारण तेरा फूट व्यासाचं. खाली तेवढीच गोल शिळा आणि तिच्या कडेने बारा खांब. कार्तिक पौर्णिमेला चंद्र या गोलाच्या माथ्यावर येतो आणि खालची शिळा उजळते. ते पाहायला आता बरीच गर्दी होते. बाराव्या शतकात शिलाहार राजांच्या काळात हे काम झालं. दक्षिण बाजूला देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे, शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४ च्या सुमाराचा. आत शंकराबरोबर विष्णूही लिंगरूपात आहे. सतीच्या मृत्यूने कोपलेल्या शंकराची समजूत घालायला विष्णू आला, अशी कथा. आणि शंकराचं देऊळ असून समोर नंदी नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली, म्हणून तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, म्हणतात.

मामू यातलं फारसं काही ऐकत नव्हते. ते खांबाशी उभे होते. एका खांबात खाली चौकोन, वर अष्टकोन, त्यावर गोल, पुन्हा चौकोन. त्यांनी बोटाने सांधा शोधला. नखसुद्धा आत जाईना. मुलाला म्हणाले, "आम्ही सेटवर सांधा दिसू नये म्हणून प्लास्टर भरायचो. ह्यांनी भरलंच नाही काही. दगडावर दगड." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "चूक झाली तर ह्यांना दुसरा टेक नव्हता."

बाहेरच्या भिंतीला खालून हत्तींची रांग आहे. नव्वदहून जास्त हत्ती जणू सगळं देऊळ पाठीवर घेऊन उभे आहेत. त्यांतल्या बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. वरच्या मूर्तींचेही चेहरे, हात गेलेले आहेत. तिथे आमच्या पुढेच वीस-पंचवीस तरुणांचा एक घोळका होता. त्यांना माहिती देणारा माणूस म्हणाला, "ही तोडफोड कुणी केली ते सांगायला नकोच." कुणीतरी मागून उत्तर दिलं. दोन-तीन जणांनी वळून मामूंच्या टोपीकडे पाहिलं. पाहिलं एवढंच. कुणी काही बोललं नाही. पण माझा मुलगा, जो इतका वेळ हत्तींचं रेखाटन करत होता, त्याने वही मिटली.

हा क्षण आपल्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. वर्गात अफझलखान येतो तेव्हा तो येतो. आणि जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून आमच्या कोल्हापुरात दगडफेक झाली, दुकानं फुटली, जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली, त्यानंतर तर तो क्षण फार लवकर येतो. अशा वेळी आपल्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. एक, "हे खोटं आहे." दुसरं, "तुमच्या राजांनीही देवळं लुटली." मला दोन्ही नको वाटतात. औरंगजेब १६८१ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत दक्षिणेत होता. त्याच्या फौजांनी या भागात देवळं फोडली असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. इतिहासात देवळं फुटली, हे नाकारून आपल्याला काही मिळत नाही. पण त्या तुटलेल्या सोंडेचा हिशोब एकोणीस वर्षांच्या माझ्या मुलाकडे कसा मागायचा? तो त्या क्षणी त्या हत्तीची सोंड कागदावर पुरी करत होता.

मामू मात्र घोळक्याजवळ गेले. माझ्या पोटात गोळा आला. ते त्या माहिती देणाऱ्याला म्हणाले, "दादा, फोडलं कुणी ते सांगितलंत. घडवलं कुणी ते पण सांगा की पोरांना."

तो म्हणाला, "शिलाहार राजांनी, चाचा."

"राजानं पैसा दिला. छिन्नी कुणी धरली?"

त्याला नाव सांगता आलं नाही. मामूंनाही ते अपेक्षित नव्हतं. त्यांनी पोरांना एका हत्तीच्या पायापाशी बसवलं आणि छिन्नी तिरपी कशी धरली असेल, कान आधी काढला असेल की झूल, हे बोटाने दाखवायला सुरुवात केली. पाच मिनिटांत ती पोरं आमच्याभोवती उकिडवी बसली होती. एकाने विचारलं, "चाचा, तुम्ही पाथरवट काय?" मामू म्हणाले, "नाही बाबा. मी खोटी देवळं करायचो." सगळे हसले. पुढे कुणाचंही मन बदललं असा माझा दावा नाही. त्यांनी आमच्याबरोबर फोटो काढला आणि गेले. मुलाने मात्र वही पुन्हा उघडली.

दुपारनंतर आम्ही मोरेवाडीच्या माळावर चित्रनगरीत पोचलो. मामूंच्या ओळखीच्या एका लाइटमनमुळे आत जायला मिळालं. एका मालिकेसाठी तिथे देवळाचा सेट लागला होता. समोरून गाभारा, कमान, दीपमाळ, सगळं होतं. मागे गेलं की नुसत्या पट्ट्या, खिळे आणि टेकू. मुलाने कमानीवर टकटक केलं तर पोकळ आवाज आला. खांबांवर काळ्या दगडाचा रंग होता आणि एका मूर्तीचं नाक मुद्दाम तुटकं केलेलं होतं, जुनं दिसावं म्हणून. सकाळच्या त्या सोंडांनंतर ते नाक पाहून आम्ही तिघेही थबकलो. मामू म्हणाले, "प्लास्टर जास्त सफेद ठेवलंय. जुना तुटका दगड आतून असा नसतो." त्यांना दिसली ती फक्त कामातली उणीव.

तिथल्या कट्ट्यावर चहा पिताना मी मुलाला साहेबमामांची गोष्ट सांगितली. इथल्या वाचकांपैकी जुन्यांना ती माहीत असेल, तरुणांसाठी पुन्हा सांगते. शेख फत्तेलाल हे मूळचे कागलचे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते घडले. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी निघाली, तेव्हा दामले, शांताराम, धायबर, कुलकर्णी यांच्याबरोबर ते भागीदार होते. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. प्रभातच्या चित्रपटांतले महाल, वाडे, देवळं ज्यांच्या कलादिग्दर्शनातून उभी राहिली ते हे साहेबमामा. १९३६ चा 'संत तुकाराम' त्यांनी विष्णुपंत दामल्यांबरोबर दिग्दर्शित केला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. 'संत ज्ञानेश्वर'ही या जोडीचाच. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जो तुकोबा उभा राहतो, त्याच्या मागचं देहू एका कागलच्या मुसलमानाच्या नजरेतून आलेलं आहे. त्या वेळी कुणाला ते खटकलं नाही. प्रभातच्या त्याच आवारात १९६० मध्ये सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. माझ्या मुलाला जिथे शिकायचंय ती हीच जागा.

मुलगा म्हणाला, "मग हे शाळेत का नाही सांगितलं?" मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तुकारामही शिकवला. पाठ्यपुस्तकात साहेबमामा नव्हते, एवढंच मी सांगू शकले.

मामूंनी दुसरी गोष्ट सांगितली, जुन्या कामगारांकडून ऐकलेली. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये जमावाने भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला. सेट, कपडे, फिल्म, सगळं. कारण एकच, मालक मारेकऱ्याच्या जातीचे. 'मीठभाकर' जळाला, तो भालजींनी पुन्हा केला. ते सांगून मामू म्हणाले, "जलाने वाले अपने गाव के ही थे बेटी. फोडायला धर्म लागत नाही, गर्दी लागते. बांधायला मात्र शिकावं लागतं."

घरी आल्यावर फुफूंचा फोन आला, "पाहिलं का सुतारकाम?" मी म्हटलं, "पाहिलं. दोन्ही प्रकारचं."

त्यानंतर मी एक काम हाती घेतलंय. दर शुक्रवारी नमाजनंतर मामूंकडे जाते आणि ते सांगतील ते लिहून घेते. कोणत्या सिनेमाचा कोणता सेट, कोण रंगारी, कोण शिंपी, कोण घोडेवाला, रोजी किती मिळायची, जेवणाचे डबे कुणाच्या घरून यायचे. पडद्यावर यांतल्या बहुतेकांची नावं कधी आलीच नाहीत. त्यांत मराठे होते, ख्रिस्ती होते, मातंग होते, आणि आपले लोक तर पुष्कळ होते. मामूंची आठवण आता अधूनमधून दगा देते. एखादं नाव आज आठवत नाही, पुढच्या शुक्रवारी आठवतं.

कोल्हापूर, सांगली, मिरज, पुण्याच्या तुमच्या घरांतही असं कुणीतरी असेल. कुणाचे अब्बा मेकअपमन असतील, कुणाच्या नानी कपडे शिवत असतील. त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. खिद्रापूरच्या पाथरवटांचं नाव विचारायला आपण आठशे वर्षं उशिरा पोचलो. यांच्या बाबतीत अजून वेळ आहे, पण फार नाही.