हात धुवा, हात धरा

बॉथेलमध्ये आम्ही काही कुटुंबे मिळून दर शनिवारी सकाळी लहान मुलांचा वर्ग चालवतो. मुले चार ते आठ वर्षांची. त्रिसरण, पंचशील, थोडे मराठी आणि बाबासाहेबांच्या चरित्रातील एखादी गोष्ट असा दीड तासाचा क्रम होता. गेल्या वर्षापासून त्यातील पहिला अर्धा तास आम्ही शरीरासाठी राखून ठेवला आहे. धावणे, उडी, तोल सांभाळणे, लंगडी, खो-खो आणि शांत बसून श्वास पाहणे. त्याबरोबर हात कसे धुवावेत, दात कसे घासावेत, ताप आला म्हणजे काय होते, शरीराच्या कोणत्या भागाला काय म्हणतात, अशा प्राथमिक गोष्टी. आठवड्याकाठी मिळणाऱ्या मोजक्या वेळात खेळाला जागा का द्यावी, असा प्रश्न काही पालकांनी आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांनी विचारला. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ आरोग्याच्या तक्त्यातून मिळणारे नाही.

तक्ता आधी पाहू. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या मुलांना आठवड्याला सरासरी १०० मिनिटे शारीरिक शिक्षण मिळाले पाहिजे. २०२४-२५ या शालेय वर्षापासून प्राथमिक शाळांत रोज किमान ३० मिनिटांची रिसेसही बंधनकारक झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा याहून अधिक आहे. पाच वर्षांपुढील मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात १८० मिनिटे हालते राहावे आणि त्यांतील किमान ६० मिनिटे जोमाची असावीत. उरलेला वाटा घराने उचलायचा असतो. आमच्या गावी ऑक्टोबरपासून पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरात साडेचार वाजायच्या आत सूर्य मावळतो. मुले शाळेतून घरी येतात तेव्हा अंगण ओले आणि काळोखे असते, आणि पडदा मात्र उजळलेला असतो.

घराकडे पाहावे तर आम्हीही दिवसभर खुर्चीत बसूनच पोट भरणारी माणसे. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांचे देह राबण्यासाठीच होते; शेत, गिरणी, गोदी, रस्ता यांनी ते झिजवले. म्हणून आमच्या आईवडिलांनी आमच्या हाती पुस्तक दिले आणि मैदानावरून हाक मारून आम्हाला घरात बसवले. त्यांचा तो निर्णय योग्यच होता. त्याच बळावर आम्ही इथवर आलो. पण पुस्तकाने जिंकलेले आयुष्य टिकवायला शरीर लागते. दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांना मधुमेह तुलनेने कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. म्हणूनच अमेरिकेत इतरांची मधुमेहाची तपासणी देहवस्तुमान निर्देशांक २५ झाल्यावर सुचवतात, तर आशियाई वंशाच्या प्रौढांची २३ पासूनच. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जेरीस आणले होते. महापरिनिर्वाणसमयी त्यांचे वय अवघे ६५ होते, हे आपण ६ डिसेंबरला नेहमी आठवतो. त्यामागचे दुखणे क्वचितच आठवतो.

एवढी कारणे कोणत्याही भारतीय कुटुंबाला पुरेशी आहेत. आपल्या कुटुंबांसाठी आणखी एक कारण आहे, आणि ते वर्गातल्या एका सात वर्षांच्या मुलीच्या प्रश्नामुळे आम्हाला स्पष्ट झाले.

त्या शनिवारी हात धुण्याचा पाठ होता. मुलांच्या तळहातांना थोडे तेल लावून त्यावर दालचिनीची पूड भुरभुरायची, एवढेच त्याचे साहित्य. पूड म्हणजे जंतू, असे सांगितले. मुलांनी एकमेकांशी हात मिळवले, दाराची मूठ धरली, पेले उचलले. पूड सगळीकडे पसरली. मग आधी नुसत्या पाण्याने हात धुतले. पूड गेली नाही. नंतर साबण लावून, मराठीत एक ते वीस मोजत, बोटांच्या बेचक्यांपर्यंत चोळले आणि हात स्वच्छ झाले. वीस सेकंदांचा नियम आणि मराठी अंक दोन्ही एकदमच पाठ झाले. त्यानंतर गोष्टीची वेळ आली. ती होती लहानग्या भीमाची: शाळेत त्याला नळाला हात लावण्याची मुभा नव्हती, शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे आणि शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. मुलीने हात वर केला. "काका, त्यांनी हात धुतले नव्हते का?"

मुलीच्या दृष्टीने प्रश्न अगदी तर्कशुद्ध होता. अर्ध्या तासापूर्वीच आम्ही तिला शिकवले होते की न धुतलेल्या हाताने इतरांच्या वस्तूला स्पर्श करू नये. मग ज्याला स्पर्श करू दिला नाही त्याचेच हात अस्वच्छ असणार! नेमक्या याच वाटेने अस्पृश्यतेने शतकानुशतके स्वतःला शहाणपण म्हणून खपवले आहे. "ते घाणीत राहतात" हे वाक्य आपल्यापैकी कित्येकांनी वेगवेगळ्या वेशांत ऐकलेले असते: वसतिगृहात, भाड्याचे घर शोधताना, कधी डब्याच्या वासावरून. त्यामुळे स्वच्छतेचा पाठ इतर मुलांसाठी साधा असला तरी आपल्या मुलांसाठी तो साधा राहत नाही. जपून शिकवला नाही, तर मूल साबणाबरोबर शरमही उचलते.

म्हणून जंतू आणि विटाळ यांतील भेद मुलांना लहानपणीच, त्यांच्या भाषेत कळला पाहिजे. जंतू कोणाच्याही हाताला लागतात. विटाळ म्हणे जन्मानेच लागतो. जंतू सूक्ष्मदर्शकातून पाहता येतात. विटाळ कोणत्याही भिंगातून आजवर दिसलेला नाही. जंतू साबणाने जातात. विटाळ जाण्यासाठी काय लागते, ते महाडच्या सनातन्यांनी दाखवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर त्या मंडळींनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. ज्या पाण्यात केवळ माणसांच्या ओंजळी बुडाल्या होत्या त्यात शेण कालवले, आणि त्याला शुद्धी म्हटले! आरोग्यशास्त्राचा याहून सोपा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल?

उलट खऱ्या जंतूंना प्रतिष्ठा कळत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवून दिले की, बाळंतिणी दगावत होत्या त्या शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्याच हातांमुळे. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम लागू होताच मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना तो आपला अपमान वाटला. याच्या शेजारी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नमूद केलेली काठेवाडातील अस्पृश्य शिक्षकाची हकीकत ठेवून पाहावी. त्याच्या बाळंतीण पत्नीला ताप भरला. डॉक्टर मोठ्या मिनतवारीने आला, पण त्याने थर्मामीटर एका मुस्लिम माणसाच्या हाती दिला, त्या माणसाने तो पतीकडे, पतीने पत्नीकडे. परतीची वाटही तीच. नाडीला हात लागलाच नाही. न्यूमोनिया असल्याचे डॉक्टरने सांगितले, आणि ती स्त्री वाचली नाही. एका ठिकाणी न धुतलेल्या हाताने स्त्रिया मेल्या, दुसऱ्या ठिकाणी न लावलेल्या हाताने. आरोग्यासाठी हात धुवावाही लागतो आणि धरावाही लागतो.

त्या मुलीला अर्थात आम्ही एवढे सारे सांगितले नाही. एवढेच म्हटले की भीमाचे हात स्वच्छ होते. ज्यांनी त्याला नळाला हात लावू दिला नाही, त्यांना एक खोटी गोष्ट खरी वाटत होती. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "मग त्यांना कोणी दालचिनी दाखवली नाही?" आम्हाला हसू आले, पण आमच्या अर्ध्या तासाचा अभ्यासक्रम तिने एका वाक्यात सांगितला होता.

म्हणूनच आम्ही खेळ निवडताना खो-खोला पहिला मान दिला. धरणारा भिडू बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर मागून हात टेकवून "खो" म्हणतो तेव्हाच त्या सोबत्याला उठून धावता येते. स्पर्श नसेल तर खेळच पुढे सरकत नाही. लहान मुलांसाठी आठांऐवजी चार-पाचजणच रांगेत बसवतो, बसायला मऊ चटई देतो, मैदान अर्धे करतो आणि कोणी 'बाद' होत नाही. पकडलेले मूल रांगेत येऊन बसते. सुरुवातीला धक्का आणि खो यांतला फरक मुलांना कळत नव्हता. "हात टेकवायचा, ढकलायचे नाही," हे शिकवायला तीन शनिवार गेले. तेही शारीरिक शिक्षणच आहे: आपल्या हातात किती जोर आहे, हे समोरच्या पाठीवरून ओळखणे.

या खेळात एक पेच उभा राहिला. वर्गातील एका लहान मुलाला कोणी अंगाला हात लावलेला मुळीच सोसत नाही. त्याला खेळाबाहेर ठेवायचे नव्हते आणि बळजबरीही करायची नव्हती. शरीर ज्याचे त्याचे असते, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणता येते, मग तो लाडाने गालगुच्चा घेणाऱ्या काकांचा असला तरी, हे आम्ही सर्वच मुलांना शिकवतो. शरीराच्या भागांची खरी नावे न लाजता सांगता येणे हाही त्याच पाठाचा भाग. डॉक्टरला काय दुखते ते सांगताना आणि कोणी वाईट वागले तर घरी सांगताना तीच उपयोगी पडतात. मग आम्ही त्या मुलाच्या हाती रुमालाचे एक टोक दिले. सोबती रुमाल ओढून त्याला खो देतो. मुलांनी हा नियम बिनतक्रार स्वीकारला.

त्या रुमालाने आम्हालाही एक भेद नीट मांडून दाखवला. "माझ्या अंगाला हात लावू नकोस," हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. "तू हात लावण्याजोगा नाहीस," असे म्हणण्याचा हक्क कोणालाही नाही. पहिल्या वाक्यात माणूस स्वतःच्या शरीराविषयी बोलतो, दुसऱ्यात समोरच्याच्या माणूसपणाविषयी. जात समुद्र ओलांडते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या सिएटल शहराने २०२३ साली जातीभेदावर बंदी घालणारा कायदा केला तो उगीच नव्हे. आपल्या मुलांना कधीतरी दुसरे वाक्य ऐकावे लागेल. त्या दिवशी ते वाक्य आरोग्याचा नियम नसून अपमान आहे, हे त्यांना तत्काळ ओळखता यावे आणि स्वतःच्या शरीराविषयी शंका वाटू नये. त्याचबरोबर पहिले वाक्य निर्भयपणे म्हणता यावे.

पाण्याचा धडाही यातलाच. सॅमॅमिश नदी आमच्या गावातून वाहते आणि सरोवरे चहूकडे आहेत. इथे पोहता येणे ही सुरक्षिततेची गरज आहे. आमच्यापैकी बहुतेक पालकांना पोहता येत नाही. विहीर आणि तळे आपल्या पूर्वजांसाठी सहज उतरण्याच्या जागा नव्हत्या, याचा काही वारसा त्या भीतीत असेलच. या देशालाही तो इतिहास परका नाही. १९६४ च्या जूनमध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे कृष्णवर्णीय आणि गोरे आंदोलक एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले तेव्हा व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने सर्वांना एकत्र पोहू देण्यापेक्षा सार्वजनिक तलावच बंद केले, आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतले. १०८ घागरींची ही भावंडेच म्हणायची. यंदा आमच्यातील चार पालकांनी मुलांबरोबर स्वतःही पोहण्याच्या शिकवणीत नाव घातले आहे.

हे सारे धम्मशिक्षणाबाहेरचे आहे असे आम्हाला वाटत नाही. विनयपिटकात हगवणीने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. घाण होती, ती धुतली गेली. माणूस टाकला गेला नाही.

घरी करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. जेवणापूर्वी हात धुताना वीसपर्यंत मराठीत मोजावे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी १० ते १३ तास आणि सहा वर्षांपुढील मुलांना ९ ते १२ तास झोप मिळू द्यावी. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांवरील मुलांच्या खाण्यात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी असावी. कोलाच्या ३५५ मिलिलिटरच्या एका डब्यात ती सुमारे ३९ ग्रॅम असते. पावसाला सुट्टी देऊ नये; रेनकोट घालून चालायला जावे. इतर शहरांतील कुटुंबांना एक विनंती आहे: आपल्या वस्तीत, वाडीत, चाळीत खेळलेले, साहित्य न लागणारे खेळ नियमांसकट लिहून आम्हाला कळवावेत. आमच्या यादीत लंगडी, लगोरी, खो-खो, विषामृत एवढे जमले आहेत. पावसाळा लांबचा आहे आणि सभागृह मोठे आहे.

जय भीम.