गढूळ पाण्याचं देणं

माझी पाण्याखालची छायाचित्रं पाहून लोक विचारतात, हे अंदमानचं का? की लक्षद्वीपचं? यातली बहुतेक मालवणची आहेत असं सांगितलं, की त्यांना खरं वाटत नाही. मालवणच्या समुद्राला इतकं श्रेय द्यायची आपल्याला सवय नाही. मला जे काही येतं ते त्या समुद्राने आणि त्याच्या काठावरच्या माणसांनी दिलं आहे, म्हणून हे ऋण एकदा लिहून ठेवते आहे.

मी पुण्यात शाळेत शिकवायची आणि सुट्टीत पक्ष्यांचे फोटो काढायची. भिगवणच्या पाणवठ्यावर लांब पल्ल्याची लेन्स लावून तासन्‌तास बसायचं, हीच मला ठाऊक असलेली छायाचित्रकला. पक्षी जितका लांब तितका निवांत, म्हणून आपण दूर राहायचं, हा माझा पहिला धडा. तोच धडा घेऊन मी स्कूबा शिकायला तारकर्लीला गेले आणि पुढे कॅमेऱ्याचं जलरोधक हाउसिंग घेतलं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर काढलेली सुरुवातीची चित्रं संगणकावर उघडली, तेव्हा माशापेक्षा पांढरे ठिपकेच जास्त दिसले. सगळ्या चौकटीभर ठिपके.

मी पाण्याला दोष दिला. इथलं पाणी खरंच स्वच्छ नसतं. नद्या-खाड्यांचा गाळ येतो, प्लवकांची गर्दी असते, आणि ऑक्टोबर ते मे या हंगामातही काही मीटरांपलीकडचं दिसत नाही असे दिवस पुष्कळ. प्रशिक्षकांनी माझी चित्रं पाहिली आणि कारण समजावून सांगितलं. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असला, की लेन्स आणि मासा यांच्यामधल्या प्रत्येक कणावर उजेड पडतो आणि थेट लेन्सकडे परततो. म्हणून फ्लॅश लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना न्यायचे, थोडे बाहेरच्या दिशेला वळवायचे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मधलं पाणीच कमी करायचं. माशापासून हातभर अंतरावर जायचं, जमलं तर वीतभर.

मी तर दूर राहायला शिकलेली. जवळ कसं जायचं ते मला माहीत नव्हतं.

ते मला ज्यांनी शिकवलं त्या काकांनी पाठीला हवेची टाकी कधीच बांधली नव्हती. ते आमच्या होडीचे मालक, जन्माने आणि धंद्याने मासेमार. तरुणपणी श्वास रोखून खडकांत बुडी मारायचे आणि शेवंड हाताने धरून वर आणायचे. मी वर आल्यावर तक्रार करायची, गोबरा कपारीत शिरला, समोरच येत नाही. काका ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "तू त्येच्या पाठसून जातंस म्हणान तो पळता. घाई करू नको गो. तू गप ऱ्हव, मासो आपसूक येतलो."

गप राहणं पाण्यात फार अवघड असतं. तिथे माणूस आपल्या श्वासाने वर-खाली होतो. छाती भरली की थोडं वर, रिकामी झाली की थोडं खाली. जमिनीवर फोटो काढताना मी क्षणभर श्वास धरायची. स्कूबात तसं करायचं नाही हा पहिला नियम, कारण कोंडलेल्या श्वासाने वर गेलं तर फुप्फुसातली हवा फुगून इजा होते. मग संथ, अखंड श्वास घेत एका जागी तरंगायला शिकावं लागलं. हात हलवायचे नाहीत, पायातल्या पंख्यांनी वाळू उडवायची नाही, प्रवाळाला टेकायचं नाही. यात बराच काळ गेला आणि त्या काळात चित्रं जवळजवळ मिळालीच नाहीत. पण काकांच्या शब्दावर विश्वास ठेवून मी एका कपारीपुढे थांबायला लागले.

मग वाम बाहेर आली. तोंड उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. चावायला येते आहे असं वाटून पूर्वी मी मागे सरले असते. वामेचं ते श्वास घेणं आहे, तोंडाने घेतलेलं पाणी ती कल्ल्यांवरून ढकलत असते, हे मी आधी वाचलं होतं, पण समोर पाहताना ते पटलं. तिच्या श्वासाची आणि माझ्या श्वासाची लय मला एकदमच जाणवली. जवळ जाण्याची परवानगी अशी मिळते, हे मला त्या वामेपुढे कळलं. त्यानंतर मी माशांचा पाठलाग केला नाही.

रंगांचंही असंच. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा आधी गिळतं. पाच-सहा मीटरांवर तो फिका पडतो आणि दहा मीटरांच्या आसपास जवळजवळ नाहीसा होतो. सगळं हिरवट-निळं दिसतं. कृत्रिम उजेड अगदी जवळून पडला तरच लाल, नारिंगी परत येतात. मला आज खिशात मावणारा स्ट्रोब हे काम करून देतो. 1926 साली फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली हे मत्स्यशास्त्रज्ञ आणि चार्ल्स मार्टिन हे छायाचित्रकार समुद्राखालचं पहिलं रंगीत चित्र घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवली होती. ती चित्रं 1927च्या जानेवारीत नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आली. त्याच्याही आधी 1893 साली फ्रान्समध्ये लुई बूताँ पाण्याखाली कॅमेरा नेत होते. स्ट्रोबचं बटण दाबताना या माणसांची आठवण ठेवते. त्यांच्या कष्टांवर माझं सोपं काम उभं आहे.

एका एप्रिलमध्ये होडी लवकर परतली आणि काकांनी मला घरी जेवायला नेलं. काकींनी सबंध आयुष्य बाजारात मासळी विकली होती. जेवणानंतर मी लॅपटॉप उघडला. काकी आधी लांबूनच पाहत होत्या. म्हाकुलाचं चित्र आलं आणि त्या पुढे सरकल्या. जिवंत म्हाकुलाच्या अंगावर रंगांचे पट्टे सरकतात. कातडीतल्या रंगपेशी स्नायूंनी ताणल्या-आवळल्या जातात आणि सेकंदाच्या आत रंग पालटतो. टोपलीत येतं ते पांढरं पडलेलं म्हाकुल. "इतक्या वर्सांत ह्या असा बगूक नव्हता," असं म्हणून त्या कितीतरी वेळ तेच चित्र बघत राहिल्या.

पुढच्या एका चित्रात खडकाच्या कडेला पांढरट बोंडांचा पुंजका होता. मी तो स्पंजाचा प्रकार समजून काढला होता. काकी लगेच म्हणाल्या, "ही म्हाकुलाची अंडी गो. जाळ्याक चिकटान येतत." कुठल्या महिन्यात येतात, कुठल्या खडकाजवळच्या जाळ्यांना जास्त चिकटतात, हेही त्यांनी सांगितलं. मी फक्त बाहेरचं रूप टिपलं होतं, आणि त्या रूपामागचं सगळं आयुष्य पाण्यात कधी न उतरलेल्या काकींना ठाऊक होतं. त्या दिवसापासून माझी चित्रं आधी त्या घरात दाखवली जातात. केंड कोणता, पाकटाची जात कुठली, हे मी तिथे विचारून घेते आणि मग पुस्तकात पाहते.

याच घरात मला आणखी एक गोष्ट ऐकायला मिळाली. 1987 साली इथल्या 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्रावर मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा गावात धास्ती पसरली होती. मासेमारीच बंद होईल की काय, ही भीती. मी निसर्गप्रेमाच्या भरात अशा विरोधाकडे तुच्छतेने पाहत असे. काकांनी शांतपणे सांगितलं तेव्हा समजलं, की ज्या खडकांवर प्रवाळ जगावं असं मला वाटतं, त्याच खडकांवर त्यांचं घर चाललं आहे, आणि ते खडक मरावेत असं त्यांनाही कधीच वाटलं नाही.

त्यातून माझ्या कामाची दिशा बदलली. सुंदर चित्राच्या मागे लागणं कमी झालं. आता मी पोरायटीस या दगडासारख्या प्रवाळाच्या ठरावीक वसाहती दर हंगामात त्याच कोनातून टिपते, शेजारी मोजपट्टी ठेवून. हे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, म्हणजे माणसाच्या उंचीचा गोळा शतकाहून जुना असू शकतो. पाणी नेहमीपेक्षा तापलं, की प्रवाळ आपल्या पेशींमधली एकपेशीय शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. ताप लवकर उतरला तर सावरतं, नाहीतर मरतं. जुनं चित्र हाताशी असेल तरच कुठला भाग पांढरा पडला आणि कुठला परत रंगला हे खात्रीने सांगता येतं. ती वसाहत पुन्हा सापडावी म्हणून खडकांच्या खुणा काकांनीच लावून दिल्या, किल्ल्याचा बुरूज आणि किनाऱ्यावरचा माड एका रेषेत धरून.

पुढे मी लक्षद्वीपलाही गेले. तिथल्या नितळ पाण्यात वीस-वीस मीटर दिसतं, आणि चित्रं सहज मिळाली. पण पहिल्यांदा तिथे गेले असते तर मी लांबूनच फोटो काढत राहिले असते, याविषयी मला शंका नाही. जवळ जायला, थांबायला आणि विचारायला मालवणच्या पाण्याने भाग पाडलं.

सध्या आम्ही निवडक चित्रांचा एक संच गावच्या शाळेसाठी तयार करतो आहोत. प्रत्येक चित्राखाली मालवणीतलं नाव असावं हा काकींचा आग्रह. शास्त्रीय नावं मी लिहिते, बाकीची त्या सांगतात. काही प्राणी जाळ्यात कधी येतच नाहीत, त्यांना नावच नाही. अशा समुद्री गोगलगायींची चार-पाच चित्रं बाजूला ठेवली आहेत. काकी म्हणतात, शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारून बघू. ऑक्टोबरात मी गेले की आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत.