उड्डाणाचा जमाखर्च

संपादकांनी लेखाची मागणी करताना पत्रात एक प्रश्न घातला आहे: संगणकावर विमान उडविण्याचे जे खेळ हल्ली निघाले आहेत ते उतारवयातील माणसाने शिकावेत काय, आणि शिकू म्हटल्यास त्याला ते साधतील काय? प्रश्नाच्या उत्तरार्धाचे उत्तर 'निःसंशय साधतील' असे आहे. पूर्वार्धात मात्र एक समजूत गृहीत धरलेली दिसते, की ही केवळ करमणूक असून करमणूक हा पोरवयाचा हक्क आहे. ती समजूत मला कित्येक वर्षे छळीत आली आहे आणि तिचा समाचार घेतल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही.

त्यासाठी एका खेळण्याची गोष्ट सांगतो. एडविन लिंक हा अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथील ऑर्गन व पियानो बनविणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. वाद्यात हवा खेळविणारे भाते आणि झडपा यांचे ज्ञान त्याला घरातच मिळाले होते. त्याच भात्यांवर त्याने १९२९ च्या सुमारास आखूड पंखांची एक लाकडी पेटी बसविली, जी आत बसलेल्याने दांडा हलविताच विमानाप्रमाणे कलत असे, वळत असे आणि नाक वरखाली करीत असे. विमानविद्येतील जाणत्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली, आणि पहिल्या पेट्या विकत घेतल्या त्या करमणुकीच्या बागांनी. पुढे १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या लष्कराकडे हवाई टपालाचे काम आले आणि ढगांत केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून उडण्याचा सराव नसलेले अनेक तरुण वैमानिक थोड्याच आठवड्यांत प्राणास मुकले, तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांनी लिंकला न्यूअर्क येथे भेटीस बोलाविले. त्या दिवशी धुके इतके दाट होते की, हा गृहस्थ येत नाही असे समजून मंडळी माघारी निघाली होती. तेवढ्यात लिंकचे विमान उपकरणांच्या आधाराने सुखरूप खाली उतरले. लष्कराने सहा पेट्या घेतल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या लक्षावधी वैमानिकांनी अशाच पेट्यांत पहिले धडे गिरविले. बागेतल्या खेळण्याने एवढी माणसे जिवंत राखली, हे ध्यानात घेऊन मग ज्याला हसावयाचे असेल त्याने खुशाल हसावे.

मी राहतो त्या जव्हारलाही विमानविद्या परकी नाही. जव्हार संस्थानचे अखेरचे अधिपती यशवंतराव मुकणे यांनी त्याच महायुद्धाच्या काळात हवाई दलात नोकरी केली, आणि फ्लाइट लेफ्टनंट हा हुद्दा त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. जयविलास राजवाडा पाहावयास येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते.

माझी स्वतःची उमर मुंबईत विमान कंपन्यांच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये शिकविण्यात आणि तपासण्यात गेली. सहा यांत्रिक पायांवर डोलणारा, आतून खऱ्या विमानाशी तंतोतंत जुळणारा तो कक्ष म्हणजे मानवी बुद्धीचे एक थोर कृत्य आहे असे मी आजही मानतो. इंजिनाला लागलेली आग किंवा उड्डाण करताकरताच बंद पडलेले इंजिन यांचा जो अभ्यास आकाशात करणे म्हणजे मृत्यूला आवतण देणे, तो तेथे वारंवार करता येतो. सेवानिवृत्तीनंतर जव्हारला बिऱ्हाड केले, तेव्हा घरातील एका खोलीत दोन संगणक मांडून येईल त्याला शिकवावयाचे ठरविले. मायक्रोसॉफ्टचा २०२० साली निघालेला सिम्युलेटर भूप्रदेशाची उपग्रहचित्रे इंटरनेटवरून ओढून घेतो, आणि आमच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात विजेचाच भरवसा नसतो तेथे इंटरनेटचा कोठून असणार. म्हणून मी एक्स-प्लेन आणि फुकट मिळणारा फ्लाइटगियर हे दोन पसंत केले, कारण भूप्रदेश एकदा उतरवून ठेवला की ते जोडणीवाचून चालतात. एक्स-प्लेनचा आणखी एक गुण असा की, पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यावर हवेचे बल किती हे तो दर सेकंदास अनेकवार मोजतो, आणि त्या बेरजेतून विमान कसे वागेल ते ठरवितो. सामान्य वाचकाला याचे काय, असे कोणी म्हणेल. पण चित्र सुंदर असणे आणि वर्तन खरे असणे यांतील भेद शिकणाऱ्याने पहिल्याच दिवशी ओळखला पाहिजे.

गेल्या वर्षी माझ्याकडे मोखाड्याहून एसटीने एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ येऊ लागले. सारी हयात तलाठी म्हणून काढलेली. तलाठ्याला भाऊसाहेब म्हणण्याचा जो आपल्याकडे शिरस्ता आहे, त्यानुसार मीही त्यांना भाऊसाहेबच म्हणत असे. नातवाच्या मोबाइलवर त्यांनी विमानाचा एक खेळ पाहिला होता आणि 'यातले खरे किती?' हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला होता. संगणकाचा उंदीर त्यांनी पूर्वी क्वचितच हाताळला होता, आणि बोटांना किंचित कंप होता.

वयाविषयी लोकांच्या मनात जे आहे ते अर्धेच खरे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ४० ते ६९ वर्षे वयाच्या ११८ वैमानिकांना तीन वर्षे, दरवर्षी, सिम्युलेटरमध्ये तपासले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: वडीलधाऱ्यांची कामगिरी आरंभी उणी होती, परंतु पुढील काळात तिची घसरण तरुणांपेक्षा कमी झाली, आणि इतर विमानांना टाळण्याच्या कामी हे विशेष दिसून आले. दुसरा एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. विमान चालविण्याचा अनुभव नसलेल्या माणसांपैकी काहींना घरगुती सिम्युलेटरवर सराव देऊन मग खऱ्या विमानात बसविले असता, सराव केलेले सरस ठरले. आणि त्यांतही ज्यांनी विमानातल्यासारखी नियंत्रणे वापरली ते, केवळ कळफलकावरील बाणांनी शिकलेल्यांपेक्षा वरचढ ठरले नाहीत. पन्नास हजारांची साधने विकत घेऊन मग शिकावयास येणाऱ्यांना मी हे सांगतो, पण ते त्यांच्या गळी उतरत नाही. सरावाने जे घडते ते हातात नसून मनात असते: नाक किती वर, शक्ती किती, वेग किती, यांचा परस्परसंबंध आणि डोळ्यांनी ते क्रमाने तपासण्याची शिस्त.

तरुण मुले पहिल्याच दिवशी चारशे माणसांचे जेट मागतात. भाऊसाहेबांनी सेसना १७२ हे चार आसनी विमान घेतले, आणि तपासयादीतील एकेक ओळ बोट ठेवून वाचल्यावाचून इंजिन सुरू केले नाही. दप्तरातील नोंद ताडून पाहिल्याविना सही न करणाऱ्या माणसाला ही शिस्त शिकवावी लागत नाही. सरळ व समतल उड्डाण, मग ट्रिम, म्हणजे दांड्यावरचा दाब नाहीसा करणारे छोटे चाक, मग मंद वळणे, असा क्रम आम्ही धरला. उतरण्याच्या प्रसंगी मात्र त्यांचे विमान पुन्हा पुन्हा धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला भिडू लागले, आणि येथे मला माझ्या व्यवसायातील एका जुन्या वादात शिरणे भाग आहे.

वेग कशाने राखावा आणि उंची कशाने, हा तो वाद. दांडा मागे ओढला की विमान वर जाते अशी सर्वांची कल्पना असते, आणि क्षणभर ती खरी भासते. उतरताना विमान खाली राहिले म्हणून नवशिका दांडा ओढतो. नाक वर जाते, पंख आणि समोरून येणारी हवा यांमधील कोन वाढतो, त्याबरोबर हवेचा अटकाव वाढतो, वेग ढळतो, आणि विमान पूर्वीपेक्षा अधिक वेगाने खाली बसू लागते. कोन सुमारे पंधरा अंशांच्या पलीकडे गेला की पंखावरील हवा सुटते. यालाच स्टॉल म्हणतात, आणि त्याचा इंजिन बंद पडण्याशी काडीचाही संबंध नाही, हे मी वर्तमानपत्रांना सांगून थकलो. वोल्फगांग लांगेविशे याने १९४४ सालच्या आपल्या 'स्टिक अँड रडर' या ग्रंथात बजाविले की, शेपटीवरील एलिव्हेटर हे वस्तुतः वेगाचे नियंत्रण आहे आणि चढण्यासाठी लागते ती इंजिनाची शक्ती. जेट चालविणारे याच्या उलट शिकवितात: नाकाने मार्ग धरा, शक्तीने वेग. दोन्ही पक्षांचे लोक माझ्यासमोर हमरीतुमरीवर आलेले आहेत. माझे मत असे की, थ्रॉटल एकंदर ऊर्जा कमीअधिक करते आणि दांडा ती ऊर्जा उंची व वेग यांत वाटतो. तथापि नवशिक्याच्या हातातील हळू विमानापुरते लांगेविशेचेच म्हणणे ग्राह्य धरावे, कारण त्याच्या उलट धडा घेतलेला माणूस घाबरला की दांडाच ओढतो. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे विमान अटलांटिकमध्ये कोसळून २२८ माणसे गेली. हिमकणांनी वेगमापक नळ्या तुंबल्या होत्या खऱ्या, पण त्या मिनिटाभरात मोकळ्या झाल्या. विमान मात्र स्टॉलमध्येच खाली येत राहिले, आणि सहवैमानिकाने त्यातील बहुतेक काळ दांडा मागेच ओढून धरला होता. तो प्रशिक्षित होता. मी असल्याच माणसांना शिकवीत होतो, आणि त्या अपघाताचा अहवाल वाचल्यापासून माझ्या विद्येवरचा माझा विश्वास पूर्वीइतका निःशंक राहिलेला नाही.

भाऊसाहेबांनी माझे हे सारे विवेचन ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, म्हणजे उंची ही खजिन्यातली शिल्लक, वेग ही हातातली रोकड, आणि इंजिन तेवढी नवी जमा. शिल्लक नसताना रोकड मोडून शिल्लक दाखवायला गेलो की अफरातफर झाली." इतक्या वर्षांत इतके नेमके विवरण मी एकाही वैमानिकाकडून ऐकले नव्हते. त्या दिवसापासून त्यांचे विमान ६५ नॉट वेगाने नीट धावपट्टीवर येऊ लागले.

पुढे नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून जव्हारकडे ते साडेसहा हजार फुटांवरून निघाले. शंभर नॉटने हे अंतर सुमारे पंचवीस मिनिटांचे. गंगापूरचे धरण मागे टाकून ब्रह्मगिरी ओलांडला आणि पडद्यावर मोखाड्याचा मुलूख पसरला, तेव्हा होकायंत्राकडे न पाहता ते डोंगरसोंडा व ओहोळ पाहून गावांच्या शिवा सांगू लागले. ज्या हद्दी त्यांनी साखळी धरून पायांनी मोजल्या होत्या, त्या वरून पाहण्याचा योग त्यांना प्रथमच येत होता. नकाशा व भूमी यांचा मेळ घालणे हे दृश्य उड्डाणातील सर्वांत दुर्घट अंग, आणि ते त्यांना उपजतच होते.

अशा सरावाने वैमानिक होता येते काय, असे मला रोज विचारतात. येत नाही. सिम्युलेटर भीती शिकवीत नाही. ढगांत शिरल्यावर कानातील अर्धवर्तुळाकार नलिका आपल्याला सरळ असताना कललो आहोत असे जे सांगतात, तो भ्रम खुर्चीवर बसून अनुभवता येत नाही. आणि पडद्यावर शिकलेल्यांना खिडकीबाहेर पाहण्याऐवजी उपकरणांकडे टक लावण्याची खोड जडते, ही खऱ्या प्रशिक्षकांची तक्रार रास्त आहे. व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे खरे उड्डाण, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा लागतात. घरचे तास त्यात धरले जात नाहीत. पण सतार शिकणाऱ्या वृद्धाला मैफलीचा हिशेब कोणी मागत नाही. मग उड्डाण शिकणाऱ्यालाच का मागावा? जे. आर. डी. टाटांनी १९३२ मधील कराची–मुंबई टपाल उड्डाण १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ विमानातून एकट्याने पुन्हा केले, तेव्हा देशाने ते कौतुकाने पाहिले.

भाऊसाहेबांचे कौतुक कोणी केले नाही. पावसाळ्याच्या आरंभी ते येईनासे झाले. चौकशी करता कळले की, म्हातारा या वयात पोरांचे खेळ खेळावयास जव्हारला जातो, अशी बोलवा गावात झाली, आणि घरच्यांना ते लाजिरवाणे वाटले. मला याचा अत्यंत संताप आला आणि अजून आहे. पारावर दिवसभर पत्ते कुटणाऱ्याला कोणी हटकीत नाही. जो वाऱ्याचा, वजनाचा आणि स्वतःच्या अवधानाचा अभ्यास करतो, त्याला मात्र खाली मान घालावी लागते. बोटांचा कंप त्यांच्या आड आला नव्हता, मंदावलेली दृष्टी आली नव्हती.

वाघबारस होऊन भातकापणी उरकली की मी स्वतः मोखाड्याला जाणार आहे, आणि दोहोंतील लहान संगणक बरोबर नेणार आहे. आडव्या वाऱ्यात उतरण्याचा धडा राहिला आहे. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने उत्तरेचा वारा तेथे आडवा पडतो. अशा वेळी विमानाचे नाक वाऱ्याकडे तिरके ठेवून धावपट्टीची रेषा धरावी लागते, आणि चाके टेकण्याच्या क्षणी पायाने रडर दाबून नाक सरळ करीत वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवावा लागतो. आरंभी दहा नॉटचा वारा पुरे.