काचेवरून येणारा वारा

हायवेवर वारा दोन प्रकारचा लागतो. एक छातीवर. तो ढकलतो, जॅकेट फुगवतो, दमवतो, पण सरळ असतो, त्याची सवय होते. दुसरा हेल्मेटला. तो नुसता लागत नाही, बडवतो. डोकं सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं, लांबचा बोर्ड दुहेरी दिसतो, आणि आवाज असा की पत्र्याच्या शेडवर कुणीतरी दोन्ही हातांनी थापा मारतंय. याला बफेटिंग म्हणतात. मराठीत शब्द सापडला नाही. माझ्यापुरतं मी त्याला ‘बडव’ म्हणतो.

गंमत म्हणजे हा वारा तयार करते ती वाऱ्यापासून वाचवायला लावलेली काच.

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे महाराष्ट्रातल्या निम्म्या इंजिनिअरांसारखीच. त्यामुळे फ्लुइड मेकॅनिक्स डोक्यात कुठेतरी पडून होतं. हवा काचेवरून वर चढते आणि वरच्या कडेला काच सोडते. काचेच्या मागे दाब कमी असतो, म्हणून सुटलेली हवा गिरकी घेत तिथे घुसते. तिचे भोवरे होतात आणि एकामागून एक मागे सुटतात. पावसाळ्यात पुलाच्या खांबामागे पाणी फिरतं ना, अगदी तसं. थिओडोर फॉन कार्मानने १९११ च्या सुमारास अशा भोवऱ्यांच्या रांगेचं गणित मांडलं. फक्त नदीत खांबामागे पाणीच असतं, इथे काचेमागे आपलं डोकं असतं. शिवाय हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ९० वर गेलात तर वेग दीडपट, जोर सव्वादोनपट. म्हणून शहरात हीच बाईक एकदम शहाणी वाटते.

मी महिन्यातून दोनदा पुण्याहून इचलकरंजीला जातो. साधारण २३० किलोमीटर. पोचल्यावर पहिला तासभर कानात बारीक शिट्टी वाजायची. आई चहा टाकता टाकता काहीतरी विचारायची आणि मी “काय?” म्हणायचो. आतल्या खोलीतून आप्पाही “काय?” म्हणायचे. आईला हसू यायचं. मला यायचं नाही.

आप्पांनी एकतीस वर्षं माग चालवले. बारा तासांची पाळी, शेडमध्ये धोट्यांची खडखड. तिथे माणसं तोंडाने बोलत नाहीत, हाताने बोलतात. सूत तुटलं, कांडी संपली, मुकादम आला, सगळ्याला खूण. घरीही त्यांच्या हातांची सवय गेली नाही. पन्नाशीच्या आत त्यांना स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. त्यांच्याकडे निवड नव्हती. कानात घालायला कापूससुद्धा कुणी दिला नाही.

आवाजाचं गणित क्रूर आहे. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतील. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज तेवढा सहज जातो. मी त्यात चार-साडेचार तास बसत होतो, आणि तेही हौसेने.

मग मी हे कामासारखं हातात घेतलं. शिरवळ सोडल्यापासून खंबाटकी घाट सुरू होईपर्यंतचा पट्टा, रविवारी सकाळी सहाला. वेग ८०, तोही फोनच्या जीपीएसवर, कारण स्पीडोमीटर थोडा जास्तच दाखवतो. हेल्मेट तेच, जॅकेट तेच. एका वेळी एकच बदल.

आधी काच काढूनच टाकली. छातीवर धबधबा पडल्यासारखं झालं, पण डोकं स्थिर! आवाज होता, पण थापा नव्हत्या, एकसुरी ‘शूऽऽ’ होतं. फूटपेगवर उभं राहिल्यावरही असंच होतं. बडव थांबते, कारण डोकं भोवऱ्यांच्या वर स्वच्छ हवेत जातं. पण २३० किलोमीटर छातीवर वारा घेऊन मान आणि खांदे शिल्लक राहत नाहीत.

दुकानदार मंडळींचा सल्ला एकच: मोठी काच घ्या. मित्राकडून उंच काच मागून आणली. त्याची उंची पाच फूट तीन इंच. त्याचं डोकं काचेमागच्या शांत पोकळीत बसतं, म्हणून तो तिच्यावर खूश. मी पाच दहा. माझ्यासाठी कड बरोबर हनुवटीसमोर आली आणि बडव वाढली. ‘या गाडीला ही काच बेस्ट’ या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. काच गाडीची नसते, धडाच्या लांबीची असते.

नंतर काचेवर आईच्या लोकरीचे बोटभर तुकडे टेपने चिकटवले, मित्राने शेजारून गाडीतून व्हिडिओ काढला. मधले धागे सरळ मागे पडलेले आणि वरच्या कडेचे वेड्यासारखे गोल फिरणारे. काचेच्या आतल्या बाजूला लावलेले तर चक्क उलटे, पुढे तोंड करून. हवा मागून पुढे ओढली जात होती. तो व्हिडिओ मी अजून बघतो.

त्यावरून दोन गोष्टी केल्या. वरच्या कडेला क्लॅम्पने बसणारा छोटा डिफ्लेक्टर लावला. त्याची आणि काचेची मधली फट महत्त्वाची. तो काचेला चिकटवला तर नुसती उंच काच होते. फटीतून जाणारी हवा कडेवरच्या भोवऱ्यांना मोडते. कोन जुळवायला तीन रविवार गेले. दुसरी गोष्ट जास्त आवडली, कारण ती ऐंशी रुपयांत झाली: काचेच्या खालच्या बोल्टांमध्ये १२ मिलीमीटरचे नायलॉनचे स्पेसर आणि लांब बोल्ट. काच खालून थोडी पुढे आली, तिथून हवा आत शिरू लागली, मागची पोकळी भरली, आणि वरची हवा आत घुसायचं कारणच कमी झालं. लोकरीचे आतले धागे निवांत लोंबायला लागले.

बडव गेली नाही, पण ९० पर्यंत डोकं जागेवर राहतं. ट्रकच्या मागे आणि आडव्या वाऱ्यात काहीच उपयोग नाही, तिथे अंतर ठेवणं हाच उपाय. आणि आवाज काचेने फारसा कमी होत नाही, ते काम फोमच्या इअरप्लगचं. ट्रकचा हॉर्न तरीही ऐकू येतो, उलट गोंगाटातून सुटा होऊन येतो.

आप्पांनी गाडीभोवती फेरी मारली, डिफ्लेक्टर हलवून बघितला. “ह्यो कशाला?”

मी कानाजवळ हात नेऊन थापांची खूण केली, मग तळवा आडवा करून वरून सरळ मागे नेला. त्यांना लगेच कळलं. डबीतले पिवळे प्लग त्यांनी दोन बोटांत दाबून पाहिले. “आमच्या वेळी हे हुतं काय?” विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता परत ठेवले.

जयसिंगपूरपर्यंत त्यांना मागे बसवून नेलं तेव्हा कळलं, माझ्या डोक्यावरून जाणारी हवा आता थेट त्यांच्या हेल्मेटवर आदळते. त्यांनी पाठीवर दोनदा थाप मारली. हळू घे, ही त्यांची जुनी खूण. मी साठवर आणली. मागच्या माणसासाठी काय करायचं, याचे धागे अजून लावायचे आहेत.